दाट होत गेलेल्या भिंती

१

आमच्या कामात बोलायचं फार नसतं, पण जे बोलायचं ते दोनदा बोलायचं असतं. मी शंख कॅलिपरच्या जबड्यात धरते आणि जाडीचा आकडा मिलिमीटरमध्ये मोठ्याने वाचते. बारक्या तोच आकडा परत म्हणतो आणि वहीत लिहितो. मग मी म्हणते, "हो." मी हो म्हणेपर्यंत आकडा कायम होत नाही, आणि तोवर माझी नजर कॅलिपरवरून हलता कामा नये. नजर हलली की हात हलतो, हात हलला की पुन्हा पहिल्यापासून. एकोणीस वर्षं आम्ही असंच काम केलं. कधी माझी तंद्री लागली तर बारक्या तोच आकडा पुन्हा म्हणायचा, मग पुन्हा, एका सुरात, मी हो म्हणेपर्यंत. कंटाळायचा नाही.

बारक्या माझा धाकटा भाऊ. वय त्रेचाळीस. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि मी सतराची. त्याला मीच वाढवला, आणि लोक म्हणायचे की अजून वाढवतेच आहे. म्हणेनात का. थंडीत त्याची छाती भरते. कोट घाल म्हणून सांगायला त्याला दुसरं होतं कोण?

आम्ही मोजत होतो ते अमोनाईट, म्हणजे कधीच नामशेष झालेल्या समुद्री जिवांचे दगड झालेले शंख. एकाच खाणीतले, एकाच जातीचे, दोनशे. हा प्राणी राहायचा फक्त शंखाच्या शेवटच्या, सगळ्यात बाहेरच्या खोलीत. वाढला की पुढे सरकायचा आणि पाठीमागे एक भिंत घालून जुनी खोली बंद करायचा. अशा भिंतींमागून भिंती. पूर्ण वाढ झाली की शेवटच्या चार-पाच भिंती एकमेकींच्या जवळजवळ यायच्या, दाट व्हायच्या. त्यानंतर नवी खोली नाही. उरलेलं आयुष्य तिथेच.

या दोनशेंत काही परातीएवढे आहेत आणि काही बशीएवढे. सत्तर वर्षं लहान शंख वेगळ्या कप्प्यात पडून होते आणि कप्प्यावर चिठ्ठी होती 'पिल्लं'. आम्ही ते उभे कापून बघितले, तर लहानांच्याही शेवटच्या भिंती दाट. म्हणजे पिल्लं नव्हतीच ती. मोठ्या माद्या, आणि हे त्यांचे पूर्ण वाढलेले नर.

"बायको एवढी आणि नवरा एवढुसा," बारक्या हसत म्हणाला. "ताई, माझ्याही भिंती दाट झाल्यात गं. मलाही काढ की आता पिल्लांच्या कप्प्यातून."

आणि हसता हसताच त्याने खिशातून एक पत्र काढलं. दुसऱ्या गावच्या संग्रहालयाने त्याला बोलावलं होतं. लिहायला नव्हे, मोजायला.

"जाऊ का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "आधी हे दोनशे होऊ देत." हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

२

आमची इमारत टेकडीला वळसा घालून बांधली आहे. संग्रह वाढेल तशी टोकाला एकेक खोली जोडत गेले. आमची खोली शेवटची. एका टोकाला मोठी खिडकी, दुसऱ्या टोकाला लाकडी आडोसा, त्यापलीकडे कुलूपबंद कोठार. खिडकीकडे तोंड केलं की उजव्या हाताला येणाऱ्या भिंतीतून एक पितळी नळी जाते. जुन्या काळी पहिल्या खोलीतल्या माणसाला शेवटच्या खोलीतल्याशी बोलता यावं म्हणून घातलेली. प्रत्येक खोलीत तिला झाकणाचं तोंड आहे. आमच्या झाकणावर बारक्या पेन्सिल टोकायचं यंत्र ठेवायचा.

मी खिडकीकडे तोंड करून बसायचे, कारण बारीक रेघा वाचायला उजेड लागतो. तो माझ्या मागे, आडोशाला पाठ लावून. एकमेकांचं तोंड दिसत नसे. लागतही नसे.

एका सोमवारी तो म्हणाला, "ताई, खुंटी कुठे गेली?"

आडोशावर एक खुंटी होती, तिला त्याची छत्री. दोन्ही नव्हत्या. आडोसा पांढरा स्वच्छ होता, खुंटीचं भोकसुद्धा नव्हतं.

"काढली असेल सुतारमामांनी. रंग दिलेला दिसतोय."

सुतारमामा दुपारी नवी खुंटी घेऊन आले. स्क्रू आत शिरेना. त्यांनी बोटाने ठोकून पाहिलं, मग कान लावला.

"ही माझी भिंत नाही," ते म्हणाले. "मी फळ्या ठोकल्या होत्या. फळ्या पोकळ वाजतात. हे कोणी केलं?"

"तुमच्याच खात्यातल्या कोणीतरी केलं असेल, मामा."

"माझ्या खात्यात मी एकटाच आहे," ते म्हणाले, आणि खुंटी चिकटवून निघून गेले.

मी कोपऱ्यात वाकून बघितलं. भिंतीला भिंत मिळते तिथे सरळ रेघ असते. इथे ती रेघ वळणावळणाची होती, कोथिंबिरीच्या पानाच्या कडेसारखी. शंखाच्या आतली भिंत कवचाला मिळते तिथेही अशीच नक्षी असते, आणि त्या नक्षीवरूनच आम्ही जात ओळखतो. मी ती ओळखली. बारक्याला म्हटलं, ओल आली असेल.

३

त्यानंतर टेबल सरकायला लागलं. रोज सकाळी ते खिडकीच्या थोडं जास्तच जवळ वाटायचं. झाडणारीवर मी दोनदा ओरडले. ती म्हणाली, बाई, मी टेबलाला हात लावत नाही, तुमचे दगड पडले तर माझ्या नावाने शंख कराल.

बारक्या अस्वस्थ झाला होता. लिहिता लिहिता मागे वळायचा. खुर्ची पुढे ओढायचा, बसायचा, पुन्हा ओढायचा. जेवणाच्या सुट्टीत त्याने खिशातली टेप काढली आणि भिंतीपासून खिडकीपर्यंत खोली मोजली.

"शंख मोजायचे सोडून खोली काय मोजतोस?"

"पाठीला गार लागतंय, ताई. एक दिवस जागा बदलू. तू इथे बस, मी वाचतो."

"तुझा हात हलतो."

"कधी हलला? कधी वाचू दिलंस?"

डबा बंद करताना तो हळूच म्हणाला, "त्या लोकांना कळवायचं आहे गं. महिना झाला."

"कळव ना. मी काय अडवलंय?"

"तू हो म्हटलेलं नाहीस."

खरं सांगायचं तर माझा जीव घाबरा झाला होता. संध्याकाळी घरी जायचं, एक ताट वाढायचं, आणि सकाळी इथे येऊन आकडा म्हणायचा तो कोणासाठी? हे मी त्याला सांगितलं नाही. मी म्हटलं, "कागद पुढे घे. सुट्टी संपली."

४

तो दिवस मी इतक्यांदा मनात उलटापालटा केलाय की आता त्यातलं काय खरं आणि काय मी भरलेलं, याची मलाच खात्री देता येत नाही. वही आहे म्हणून निदान आकड्यांची तरी आहे.

सकाळचे अकरा वाजले होते. बाहेर लख्ख ऊन. नरांचा ट्रे घेतला होता, बारा शंख, ओळीने.

"फार गार लागतंय," बारक्या मागून म्हणाला.

"मग घाल की कोट. किती वेळा सांगायचं?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कोट मागच्या नव्या खुंटीवर होता. मी पहिला शंख जबड्यात धरला.

"अडतीस, दशांश दोन."

"अडतीस, दशांश दोन."

"हो."

असे चार झाले, पाच झाले. तो उभा राहूनच लिहितोय असं वाटलं. एका बाहीत हात घालतोय, दुसरी सापडत नाहीये. त्याची ही जुनी सवय, दुसरी बाही त्याला कधी चटकन सापडली नाही. लहानपणी मीच मागे उभी राहून धरायचे. सहाव्याला त्याचा आवाज थोडा खोल वाटला. वाटलं, खाली वाकला असेल. नवव्यानंतर तो आकडा उजवीकडून म्हणाला. त्याची जागा उजवीकडे नव्हे, बरोबर मागे होती.

मी वळून बघायला हवं होतं. पण जबड्यात शंख होता आणि माझी नजर रेघेवर होती. नजर हलू द्यायची नाही, हा नियम मीच त्याला शिकवला होता.

"एकेचाळीस, दशांश सात."

"एकेचाळीस, दशांश सात."

"हो."

बाराव्याचा आकडा त्याने म्हटला तेव्हा त्याला पितळेची धार होती. मी हो म्हटलं, कॅलिपर खाली ठेवला आणि वळले.

खुर्ची नेहमीसारखी भिंतीला टेकलेली होती, रिकामी. तिचे मागचे दोन पाय दिसत नव्हते. भिंतीवर खुंटी नव्हती. वही टेबलावर उघडी होती, त्याच्या गोल अक्षरात नऊ आकडे. दहा, अकरा आणि बाराच्या जागा कोऱ्या.

५

तुम्ही म्हणाल तेच सगळे म्हणाले. तो गेला. जायचंच होतं त्याला, पत्र आलं होतं, बहीण सोडत नव्हती, संधी साधून निघून गेला. त्या गावच्या लोकांनी कळवलं की तो पोचला नाही. मग म्हणाले, आणखी कुठे गेला असेल. वयात आलेला पुरुष आहे. पहिल्यांदाच कोणीतरी त्याला पुरुष म्हटलं.

दारावरच्या रखवालदाराने वही दाखवली. आत आल्याची सही होती, बाहेर गेल्याची नव्हती. "नजर चुकवून गेले असतील," तो ओशाळून म्हणाला. मी त्याला मागचं कोठार उघडायला लावलं. त्या बाजूने सुतारमामांच्या फळ्या जशाच्या तशा होत्या, ठोकल्या की पोकळ वाजत होत्या. मी आमच्या खोलीची लांबी व्हरांड्यातून मोजली. बाहेरून ती होती तेवढीच होती. आतून सहासष्ट सेंटीमीटर कमी भरली.

मग मी त्याच्या वहीचं शेवटचं पान उघडलं. तिथे पेन्सिलने बारीक लिहिलं होतं, तारखांसह. भिंत पुढे आली: तीस. मग एकोणीस. मग अकरा. त्याखाली एक ओळ होती: 'ताईला सांगितलं. ओल असेल म्हणाली.'

तिसांत एकोणीस मिळवा, अकरा मिळवा. साठ होतात. त्या दिवशीचे उरले सहा. भिंती दाट होत होत्या. बारक्याला ते माझ्या आधी कळलं होतं, आणि मी त्याला हात हलतो म्हणून ऐकवलं.

सुतारमामांना मी पाया पडून बोलावलं. त्यांनी सगळ्यात मोठा ड्रिल लावला. पांढरा भुगा पडला, चकाकणारा. बोटभर आत गेल्यावर ड्रिल मोकळा झाला. मी टॉर्च लावून भोकाला डोळा भिडवला.

सहा सेंटीमीटरच्या त्या फटीत खुंटी होती. खुंटीला त्याचा करडा कोट होता. कोट पाठमोरा होता, आणि रिकामा लोंबत नव्हता. एक बाही भरलेली होती. दुसरी सपाट.

मी बाजूला झाले. सुतारमामांनी बघितलं, बराच वेळ. मग टॉर्च बंद करून माझ्या हातात दिला.

"कोट आहे," ते म्हणाले.

"फोडा मामा ती भिंत."

"उद्या हत्यारं घेऊन येतो," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता गेले. दुसऱ्या दिवशी ते रजेवर होते. भोकही नव्हतं. कोणीतरी बुजवलं असणार, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

६

भुगा मी कागदात बांधून ठेवला होता. तो घेऊन मी राखवाल्या सरांकडे गेले. त्यांना सगळे राखवाले म्हणतात, कारण त्यांचं काम खडकांतल्या ज्वालामुखीच्या राखेवरून वय काढण्याचं. आमच्या शंखांच्या थराखाली एक राखेचा थर आहे आणि वर एक. दोन्हींचं वय काढलं की मधली जात केव्हा आली आणि केव्हा संपली ते कळतं. दोन राखांच्या मधलं अंतर फार नाही, असं सर नेहमी म्हणतात. हे घराणं पटकन आटोपलं.

सरांनी पुडी उघडली, भुगा सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मान वर केली नाही.

"हे कुठून आणलंत?"

"भिंतीतून."

"हा चुना नाही, बाई. शिंपल्याच्या आत चकाकणारा थर असतो ना, तो आहे. थरावर थर, एकदम व्यवस्थित. तुमच्या शंखांतला हा थर कधीच बदलून दगड झालाय. याचा झालेला नाही."

"वय काय असेल?"

सरांना थट्टा करायची सवय आहे, पण ते हसले नाहीत. "वय काढायला काहीतरी वय असावं लागतं. हे ताजं आहे. ओलं आहे अजून." त्यांनी पुडी माझ्याकडे सरकवली आणि हात रुमालाला पुसले. "काही दिवस सुट्टी घ्या. भावाचं मनाला फार लावून घेतलंय तुम्ही."

घेतलंय. कोणी घ्यायचं मग?

दारातून मी विचारलं, "सर, शेवटच्या भिंतीनंतर प्राणी किती जगतो?"

"ते शंखावरून कळत नाही," ते म्हणाले. "भिंत घालायची थांबली, एवढंच कळतं."

७

सुट्टी मी घेतली नाही. नवा लेखनिक देतो म्हणाले, तोही घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच बसले, सवयीने पुढच्या ट्रेमधला पहिला शंख जबड्यात धरला आणि सवयीनेच आकडा म्हटला.

"एकोणचाळीस, दशांश चार."

पेन्सिल टोकायचं यंत्र झाकणावर थरथरलं. मी ते उचललं आणि नळीचं झाकण वर केलं.

"एकोणचाळीस, दशांश चार," नळी म्हणाली. फार लांबून, जणू आमच्यामधल्या सगळ्या खोल्या ओलांडून आला होता तो आवाज. पण त्याचाच, दशांशवर किंचित अडखळणारा.

मी हाक मारली. बारक्या, कुठे आहेस, कसा आहेस, सगळं विचारलं. नळी गप्प. रडले, तरी गप्प. मग डोळे पुसून पुन्हा आकडा म्हटला, आणि तो लगेच परत आला. आकड्याशिवाय तो काही बोलत नाही. मी हो म्हणाले. पुढचा शंख घेतला.

असे आम्ही उरलेले शंख मोजत गेलो. लिहिलेही मीच, त्याच्यासारखं गोल अक्षर काढून. रोज सकाळी नऊला आले, उजेड आहे तोवर काम केलं. खुर्ची मात्र मी फिरवून घेतली. आता माझं तोंड त्या पांढऱ्या भिंतीकडे आहे आणि पाठ खिडकीकडे. भिंत पाठीमागून येते, एवढं मी एकोणीस वर्षांत शिकले. समोर बसून तिच्यावर डोळा ठेवला तर ती हलत नाही. खरंच हलली नाही. खांद्यावरून येणाऱ्या उन्हात मला रेघा नीट दिसतात.

काल दोनशेवा शंख आला. हाही नर, बशीपेक्षाही लहान. मी आकडा वाचला, त्याने परत म्हटला, आणि मी हो म्हणता म्हणता थांबले. हो म्हटलं की आकडा कायम. कायम झाला की पुढचा शंख हवा, आणि पुढचा नाही. मी तोंड मिटून बसले. थोड्या वेळाने त्याने आकडा पुन्हा म्हटला. मग पुन्हा. न कंटाळता.

त्या दिवशी डब्यावर त्याने मागितला होता तोच शब्द हा. एका शब्दाचं काम होतं. तेव्हा म्हटलं असतं तर आज तो दुसऱ्या कुठल्या खोलीत, उजेडाकडे तोंड करून, स्वतःच्या हाताने शंख धरून बसला असता. हे मला कळतं. हेही कळतं की कदाचित अजूनही त्याला तेवढंच हवं आहे, आणि मी हो म्हटलं की तो सुटेल. पण सुटला की नळी गप्प होईल. मी वाईट आहे म्हणा हवं तर. मला म्हणता येत नाही.

आज दुपारी मी इथेच बसले आहे, कालचाच शंख जबड्यात, नजर रेघेवर. बाहेर ऊन असणार. दोनचा सुमार आहे, पावसाळा नाही, सकाळी येताना आभाळ निरभ्र होतं. पण रेघा दिसेनाशा झाल्या आहेत. खांद्यावरचं ऊन गेलं. वहीच्या पानावर माझी सावली पडायची, तीही नाही. पाठीला गार लागतंय.

मी वळलेले नाही. आकडा अजून उघडा आहे, नजर हलवता येत नाही.

"छत्तीस, दशांश नऊ," मी अंधुकात म्हटलं, नुसतं तो आहे का बघायला.

"छत्तीस, दशांश नऊ," बारक्या म्हणाला. या वेळी नळीतून नाही. माझ्या मागे उभा राहून, कोटाची दुसरी बाही शोधत म्हणावं तसं.